पन्नासला विकलं

१ मार्च २००३, शनिवार

जिंकलो! दोन-शून्य. म्हणजे दीड हजार पौंड गेले.

सगळं स्टँड उभं राहून ओरडत होतं आणि मी बसून हिशोब करत होते. शेजारची क्लाइव्हची खुर्ची रिकामी. नवऱ्याला जाऊन अठरा दिवस झाले. पैजवाल्यांचं पत्र मंगळवारी आलं. गेल्या ऑगस्टमध्ये त्यानं फोनवरून पैज लावली होती — आपल्याच फुटबॉल क्लबविरुद्ध. तीस वर्षं ज्याच्यासाठी घसा फोडला, त्या क्लबविरुद्ध! माणूस गेला तरी पैज हंगाम संपेपर्यंत चालू राहते म्हणे, आणि भरायचं मी.

३ मार्च

सामन्यात किती कॉर्नर किक होतील, यावर गंमत म्हणून तो दोन-दोन पौंडांची पैज घ्यायचा, हे मला माहीत होतं. टेबलावर बिस्किटं मांडून समजावायचा. "अगं, ते म्हणतात दहा ते अकरा कॉर्नर होतील. तुला जास्त वाटतात? मग अकराला घे. कमी वाटतात? दहाला विक. नुसतं बरोबर असून भागत नाही, मॉरीन. जितकं बरोबर तितके मिळतात, जितकं चूक तितके जातात." साध्या पैजेत लावले तेवढेच बुडतात, यात तळच नाही, म्हणून आपले दोनच पौंड — हे त्याचंच बोलणं.

आणि हाच माणूस क्लबच्या हंगामातल्या एकूण गुणांवर पैज लावतो, तीही पन्नासला विकून? गुणामागे पाचशे पौंड! पन्नासच्या वर जाणारा एकेक गुण पाचशेला पडतो. आज आपण चौपन्नावर आहोत, जिंकलं की तीन गुण वाढतात, अजून अकरा सामने बाकी, आणि पोरं कधी नव्हे ती झकास खेळतायत.

८ मार्च

बरोबरी. एक गुण.

मध्यंतरात सिड चहा घेऊन आला. आमच्या मागच्या रांगेत बसतो, क्लाइव्हचा जुना दोस्त. क्लाइव्हच्या खुर्चीवर त्याच्या नावाची पितळी पाटी लावायची म्हणून वर्गणी गोळा करतोय. मला राहवलं नाही, सांगून टाकलं.

"क्लाइव्हनं? आपल्याला विकलं?"

मग वर्गणीची यादी घडी करून खिशात घातली. जाताना म्हणाला, "पाटीचं जरा थांबूया, मॉरीन."

का सांगितलं मी! जीभ झडली कशी नाही.

११ मार्च

त्याचा स्कार्फ कपाटात कोंबला. दार लावलं. उघडलं. परत लावलं.

१५ मार्च

गेले नाही. पण आरोळी घरापर्यंत येतेच. गोल!

नोव्हेंबरातला तो शेवटच्या मिनिटाचा गोल आठवतो. त्यानं मला उचलून गरगर फिरवलं होतं, आणि रडला होता. ते रडणं कशाचं होतं? आनंदाचं, की तीन गुणांचं? भांडी घासताना, जिना चढताना, सारखा तोच चेहरा समोर येतो आणि मी त्यात खोट शोधत बसते. गेलेल्या माणसाला विचारताही येत नाही. भीती वाटते मला या घरात.

२३ मार्च, रविवार

क्रेग जेवायला आला. बटाटेसुद्धा अर्धे टाकले पोरानं.

"आई, भरून टाक आणि मोकळी हो. मी पण देत जाईन दर महिन्याला थोडे."

"तू? तुझं भाडं थकलंय ना?"

"बाबा गेले. आता कशाला उकरून काढतेस?"

उकरणारच! ते लोक सगळे फोन टेप करतात, पत्रातच लिहिलंय. मी ऐकायला मागणार. बोलण्याच्या भरात 'घेतो'च्या जागी 'विकतो' गेलं असेल त्याच्या तोंडून.

क्रेग उठून ताटल्या विसळायला लागला. जन्मात कधी ताटलीला हात लावला नव्हता. बाप गेल्यावर शहाणा झाला, असं वाटलं.

२ एप्रिल

पैजवाल्यांना फोन केला. बाई गोड बोलल्या. "मॅडम, चुकून बोललं गेलं असेल तर आम्ही पैज रद्द करतो. दुसऱ्याच कुणी त्यांच्या नावानं लावली असेल तर तीही रद्द — पण मग ती फसवणूक होते, आम्हाला पोलिसांकडे जावं लागतं."

दुसरं कोण लावणार, म्हटलं.

पुढच्या गुरुवारी फोनवर ऐकवतील. देवा, त्याची जीभ घसरलेली असू दे. पैसे गेले तर जाऊ देत. मला माझा माणूस परत हवाय.

१० एप्रिल, गुरुवार

ऐकलं.

नाव क्लाइव्हचं. खाते क्रमांक त्याचा, जन्मतारीख त्याची. आवाज क्रेगचा.

"विकताय ना, सर? पन्नासला?"

"हो हो, विकतोय."

क्लाइव्हनं विकलं नव्हतं. कधीच नाही.

बाईंनी विचारलं, "मॅडम, हा आवाज तुमच्या यजमानांचाच ना?"

मी म्हटलं, "हो. त्यांचाच."