भंडारा लावलेली चकती

प्रिय आप्पा,

काल आईने तुमचा डबा माझ्यापुढे आणून आदळला आणि म्हणाली, "हे घिऊन जा दौंडला, न्हाईतर घोडनदीत सोडते. मला काय कळतंय त्यातलं?" परवा तुमचं वर्षश्राद्ध झालं. कपडे कधीच वाटून झाले, सायकल धाकट्या काकांनी नेली, उरला होता तो हा बिस्किटाचा पत्र्याचा डबा. सहा वर्षं मी त्याला हात लावला नव्हता. का, ते तुम्हाला माहीत आहे. म्हणूनच लिहायला बसले. तुम्ही होता तोवर विचारायला जीभ रेटली नाही, ते आता विचारते: त्या दिवशी बोटीवर मी जी मान हलवली, ती तुमच्या मनात राहिली का हो?

डब्यात काय आहे, हे कुणाला सांगितलं तर खरं वाटायचं नाही. जुगाराच्या चकत्या! कॅसिनोत पैशांऐवजी टेबलावर मांडतात त्या. आणि जमवणारा माणूस कोण, तर ज्याने दिवाळीच्या पाडव्यालाही कधी पत्ते हातात धरले नाहीत. आपल्या गावी खुटबावला सगळे चुलते पारावर तीनपत्ती खेळायला बसले की तुम्ही उठून आजोबांच्या मेंढरांकडे जायचात. पैसे लावण्यात तुम्हाला काडीची गोडी नव्हती. तुमचा जीव त्या चकतीत होता, नुसत्या चकतीत.

त्याचं मूळ इनामगावात, हे तुम्ही मला इतक्यांदा सांगितलंय की मीच तिथे होते असं वाटतं. उमेदीच्या वयात तुम्ही तिथल्या प्राचीन वस्तीच्या खोदकामावर रोजाने पाट्या उचलत होता. एक दिवस मातीतून खापराची एक गोल चकती निघाली, रुपयाएवढी, कडा घासून गुळगुळीत केलेली. खोदकामावरचे साहेब म्हणाले, खेळायची असेल कदाचित, नक्की सांगता येत नाही. झालं! तुमच्या डोक्यात तेवढंच बसलं. घरी येऊन तुम्ही फुटक्या मडक्याचं खापर घेतलंत आणि दगडावर घासत बसलात. तीन दिवस लागले. मग म्हणालात, "तीन हजार वर्षांमागं पोटाला भाकर मिळायची मारामार, आन् त्या गड्यानं तीन दिस खेळायच्या चकतीला दिलं. काय म्हणावं ह्या माणसाच्या जातीला!" ते खापर अजून डब्यात पहिल्या खणात आहे. तुमच्या अंगठ्याने कड आणखीच गुळगुळीत झालीय.

पुढे रांजणगावच्या कंपनीत मोल्डिंग मशीन बसवायला एक गोरा इंजिनिअर आला. त्याच्या खिशातून एक लालपांढरी चकती पडली, ती तुम्ही उचललीत, आणि परत द्यायच्या आधी तळहातावर तोललीत. तो हसला आणि म्हणाला, ठेव तुला. घरी येऊन तुम्ही ती आईच्या, माझ्या, शेजारच्या काकूंच्या, सगळ्यांच्या हातात दिलीत. "वजन बघा. नुसत्या प्लास्टिकला एवढं वजन येत न्हाई. आत लोखंड घातलंय, आन् कडेचा पांढरा रंग वरून लावलेला न्हाई, आरपार हाय." आयुष्यभर साच्यातून बादल्यांची झाकणं काढलेला माणूस त्या एवढ्याशा चकतीपुढे हात जोडायचा बाकी राहिला होता. मी तेव्हा शाळेत होते. तुमचं कौतुक वाटायचं, अगदी खोटं कशाला बोलू. मोठी झाल्यावर लाज वाटायला लागली, तेही खोटं नाही.

आणि मग भंडारा. तुमच्या शर्टाच्या खिशात खंडोबाच्या हळदीची पुडी कायम. मेंढीला कोकरू झालं की आजोबा त्याच्या कपाळाला भंडारा लावायचे, मग ते कळपात जायचं. तुमची मेंढरं गेली, सवय राहिली. नवा कुकर आला, भंडारा. इनुसमामांनी जीप घेतली, बॉनेटला भंडारा. माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेवर तुमच्या बोटाचा पिवळा ठसा आहे, कॉलेजच्या ऑफिसातल्या बाईंनी विचारलंसुद्धा, हे काय सांडलंय? घरात आलेली नवी चकतीसुद्धा आधी कोकरू व्हायची, मग डब्यात जायची.

तुम्ही रिटायर झालात त्या हिवाळ्यात इनुसमामांनी बातमी आणली. मामा म्हणजे तुमचे जिवाचे दोस्त, शिरूर-दौंड रस्त्यावर जीपने सीटा भरणारे. कुणी पॅसेंजर त्यांना म्हणाला होता की गोव्यात नदीवर बोट आहे आणि बोटीत कॅसिनो. दोन दिवस तुम्ही डबा उघडून चकत्या मोजत बसलात. तिसऱ्या दिवशी म्हणालात, "लोकानं दिलेल्या चकत्या लय झाल्या. एकदा सोता जाऊन, रांगंत उभं ऱ्हाऊन घ्यायची. मंगे, तू चल. मला कुठं इंग्लिश येतंय?"

आई खवळली. "पोरीला दौंडचं स्थळ आलंय, आन् तुमी तिला जुगाराच्या अड्ड्यावर न्या. कळलं त्यांना तर उंबरा चढतील का आपला?" तिचंही बरोबर होतं. सोयरीक जुळत आलेली. शेवटी ठरलं की सगळ्यांना सांगायचं, गोव्याला देवदर्शनाला चाललोय.

पहाटे निघालो, खुटबावला आत्याकडून भाकरी आणि घरच्या देव्हाऱ्यातला ताजा भंडारा घेतला. पुढे मोरगाव, नीरा, सातारा, कोल्हापूर. तुम्ही पुढच्या सीटवर लहान मुलासारखे सगळ्या पाट्या मोठ्याने वाचत होता. आंबोलीचा घाट उतरताना तुम्ही वाचायचं थांबलात. एवढी झाडं एका ठिकाणी तुम्ही पाहिलीच नव्हती. "हितं मेंढरं घातली तर संध्याकाळी सापडायची न्हाईत," एवढंच बोललात.

हॉटेलातल्या दोन कॅसिनोंमध्ये आपलं काम झटपट झालं. मी काउंटरवर सर्वांत कमी पैशांची चिप, म्हणजे चकती, मागायची, तुम्ही ती दोन्ही हातांनी घ्यायचात, खेळायचं काहीच नाही, बाहेर. बाहेर जीपमध्ये भंडारा. काउंटरवरचा माणूस बघतच राहायचा.

बोटीवर मात्र चपला चालत नव्हत्या. तुम्ही म्हणालात, "एवढंच ना?" आणि जीपच्या सीटखालून कंपनीचे सेफ्टी शूज काढलेत. पुढे पोलादी टोपी असलेले! पांढरा पायजमा, टोपी आणि खाली ते काळे धोंडे. दारातलं यंत्र लागलं की कोकलायला. तुम्ही बूट काढून त्या गार्डला आतलं पोलाद दाखवलंत, दोनशे किलो पडलं तरी पायाचं बोट वाचतं म्हणून समजावून सांगितलंत. मी दोन पावलं पुढे जाऊन उभी राहिले. त्या दिवशीची लाज तिथूनच सुरू झाली होती.

पण आत गेलो आणि आप्पा, मीसुद्धा सगळं विसरले. दुपारचे चार वाजले असतील. पायाखाली एवढा मऊ गालिचा की चालल्याचा आवाजच नाही. आवाज फक्त चकत्यांचा, सगळीकडून. टेबलामागची ती मुलगी एका हाताने वीस चकत्यांची चळत उचलायची, मोडायची, दोन चळती करायची, परत एक करायची, आणि बघत कुठे होती तर समोरच्याच्या तोंडाकडे. तुम्ही माझं मनगट धरलंत. तुमच्या डोळ्यांत पाणी होतं. "हाताला डोळं हायत तिच्या," म्हणालात. पंढरीची वारी मी केली नाही, काशीला गेले नाही, पण माणसाचं असं हरखलेलं तोंड मी पुन्हा कुठे पाहिलं नाही.

मी काउंटरवरून चिप आणून तुमच्या हातात दिली. निळी, कडेला सहा पांढऱ्या खुणा, मध्ये बोटीचं चित्र. ती तुम्ही कितीतरी वेळ उलटीपालटी केलीत. आणि भानावर नसलेला माणूस करतो तसं खिशात बोट घालून तिथेच, टेबलाजवळ उभं राहून, तिला भंडारा लावलात.

दोन माणसं आली आणि तुमच्या दोन्ही बाजूंना उभी राहिली. एकाने दंड धरला. चिपला खूण करतो म्हणाला. आजूबाजूचे खेळायचे थांबले. दुसऱ्याने माझ्याकडे वळून विचारलं, "मॅडम, ये आपके साथ हैं?"

मी तोंड उघडायच्या आत तुम्ही बोललात. "न्हाई, न्हाई. ह्या बाईंना मी वळखत न्हाई. एकटाच आलोय." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत.

आणि मी मान हलवली. नाही म्हणून.

त्यांनी तुम्हाला एका दारातून आत नेलं. ते जड बूटसुद्धा त्या गालिच्यावर वाजत नव्हते. मी वर डेकवर जाऊन कठड्याला धरून उभी राहिले. खाली मांडवीचं पाणी. मनात काय होतं सांगू? दौंडचे लोक. तुमच्या दंडावरचा हात नाही, दौंडचे लोक. त्याची लाज त्या बुटांच्या लाजेपेक्षा किती मोठी असते, हे मला नंतर कळलं.

अर्ध्या तासाने तुम्ही आलात ते हसत. बरोबर त्यांची मोठी साहेबीण. गोव्याचीच, मराठी चांगलं बोलणारी. तुम्हाला जिन्यापर्यंत सोडलं आणि नमस्कार केला. मी लांबूनच मागे मागे उतरले. जीपशी पोहोचेपर्यंत आपण बापलेक नव्हतो.

जीपमध्ये मात्र तुमच्या तोंडाचा पट्टा थांबेना. सांगत होता इनुसमामांना. "भिंतभर टीव्ही, इनुस! आन् परत्येकात एक टेबल. त्यात माझं बोट दाखवलं त्यांनी मला, भंडाऱ्याचं, एवढं मोठं. वर छताला डोळा हाय त्यांच्या. बाईंनी इचारलं, ही काय पावडर? मी सांगितलं, देवाची हाय, आमच्यात कोकराला लावत्यात. खिशातलं खापर काढून दावलं. इनामगावचं सांगितलं समदं. ती बाई खुर्चीवर बसली न् ऐकत ऱ्हायली. मग म्हणली, आता ही चिप टेबलावर चालायची न्हाई. मी म्हणलं, मला कुठं चालवायचीय? तर म्हणली, घिऊन जावा तुमचं कोकरू."

मामा स्टिअरिंगवर हात मारून हसत होते. तुम्ही सगळं सांगितलंत, त्या खोलीतल्या खुर्चीचा रंगसुद्धा. माझ्या मानेचं तेवढं सांगितलं नाहीत. मी मागच्या सीटवर. कोल्हापूर येईपर्यंत मी झोपेचं सोंग घेतलं होतं, आणि तुम्ही माझ्या अंगावर तुमचं घोंगडं टाकलंत. का टाकलंत हो? एक शब्द बोलला असतात, "मंगे, बापाला वळखायची न्हाईस व्हय?" असं नुसतं म्हणाला असतात, तर मी रडून मोकळी झाले असते. तुमच्या चांगुलपणाने मला सहा वर्षं सडवलं, हे तुम्हाला सांगायलाच हवं.

सोयरीक झाली. लग्नानंतर वर्षभराने मी ह्यांना सगळं सांगितलं, घाबरत घाबरत. रेल्वेतला माणूस, कमी बोलणारा. ऐकून म्हणाले, "अगं मग डबा दाखव की! मला आधी का नाही सांगितलंस?" म्हणजे ज्यांना भिऊन मी तुम्हाला ओळख दिली नाही, ते तुमचा डबा बघायला उतावीळ झाले होते. तरी मी तुमच्याकडे डबा मागितला नाही. कुठल्या तोंडाने मागणार होते? तुम्हीही मला तो परत कधी दाखवला नाहीत. मला वाटलं, हीच तुमची शिक्षा. असू दे, म्हटलं.

काल मी डबा उघडला. पुठ्ठ्याचे खण, प्रत्येकात चकती, आणि प्रत्येकीखाली कॅलेंडरच्या कागदाची चिठ्ठी, तुमच्या त्या बैलगाडीच्या वेगाने लिहिलेल्या अक्षरात. चिठ्ठ्या आहेत हे मला माहीतच नव्हतं. एकेक काढून वाचत गेले. "गोऱ्या साहेबानं दिली." "इनुसच्या पॅसेंजरनं आणली." "गोवा, हाटेल. सोता घेतली." बहुतेक चिठ्ठ्या तेवढ्याच, एका ओळीच्या.

निळीवरचा भंडारा अजून तसाच आहे. उचलली तर बोटाला लागला. खालची चिठ्ठी सगळ्यांत मोठी. "गोवा, बोट. सोता रांगंत उभं राहून घेतली. सोबत माझी मुलगी मंगल होती. तिनं काउंटरवर इंग्लिश बोलून मागितली. तिच्या हातची म्हणून भंडारा लावल्याबिगर ऱ्हावलं न्हाई."

आई स्वयंपाकघरातून विचारत होती, काय झालं गं. मी चिठ्ठी पुन्हा पहिल्यापासून वाचली. तिथे सगळ्यांपुढे तुम्ही मला ओळखत नव्हता, आणि इथे, जिथे कुणी बघणार नव्हतं, तिथे तुम्ही मला सोबत लिहून ठेवलं होतं.

म्हणजे मिळालं मला उत्तर, आप्पा.

शेवटचा खण रिकामा आहे. चकती नाही, नुसती चिठ्ठी. "काठमांडू. जायचं ऱ्हायलंय. सोबत", आणि पुढे काही नाही. जागा सोडलीय. तिथेही कॅसिनो आहेत म्हणे. इनुसमामांना आज सकाळीच विचारलं. म्हणाले, "जीप म्हातारी झालीय, पण मी न्हाई." हे रजा काढतायत. आईसुद्धा येते म्हणते, देवदर्शनाला! मी डबा बरोबर घेणार आहे, आणि ते सेफ्टी शूजसुद्धा. चकती हातात आली की भंडारा लावीन, पण दाराबाहेर आल्यावर, एवढी अक्कल आता आलीय. आणि आत कुणी विचारलं, बाई, सोबत कोण आहे, तर तुम्ही काही बोलायच्या आधी मी बोलेन.

बोटीवर तुम्ही जिला ओळखत नव्हता, ती
तुमची मंगल