घरचे शब्द, पावणे शब्द

आबा, तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली. आज कणीक भिजवून झाकून ठेवली आणि तुम्हाला लिहायला बसले. सासूबाई आता आमच्याकडेच कोल्हापुरात असतात. बाहेरच्या खोलीत त्यांचं शेजारणीशी अर्धं कानडी, अर्धं मराठी चाललंय आणि दोघींचं काही अडत नाही.

माझं लग्न निपाणीच्या पलीकडे ठरलं तेव्हा त्या घरात नवरा सोडला तर मराठी कुणालाच येत नव्हतं. लग्नाच्या आदल्या दिवशी तुम्ही माझ्या हातात एक वही ठेवलीत. पानावर मधोमध रेघ, डावीकडे ‘घरचे’ आणि उजवीकडे ‘पावणे’. पैंजणांची पेटी घेऊन तुम्ही गुजरातपासून मद्रासपर्यंत फिरलात, आणि नव्या मुलखात तुमची पद्धत हीच. आपल्यासारखे शब्द आधी शोधायचे, परके मागाहून. ‘‘घरची चार माणसं हुडकली की पावणं आपसूक वळकीचं हुतंय बाय,’’ तुम्ही म्हणालात. डावीकडे लिहिलं होतं तुप्प म्हणजे तूप, किटकी म्हणजे खिडकी, औषधी, अक्का. उजवीकडे बेकु म्हणजे पाहिजे, बेडा म्हणजे नको. मी मात्र फुगले. हुपरीसारख्या चांदीच्या गावात जन्मून बापाने दिलं काय, तर वही. ती ट्रंकेच्या तळाशी गेली.

शिवाय मी कोल्हापूरला जाऊन बी.ए. झालेली. बोलायचं तर बिनचूकच, नाहीतर नाही, असं ठरवून मी सासरी सहा महिने तोंडाला कुलूप लावून बसले. सासूबाईंनी मला शिष्ट ठरवलं. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं.

मग एका दुपारी तुम्ही आलात. मला अजून दिसतंय, तुम्ही पाटावर बसलाय, सासूबाई वाढतायत आणि तुम्ही खणखणीत आवाजात म्हणताय, ‘‘अक्का, तुप्प बेकु.’’ सासूबाई पदर तोंडाला लावून हसतात. तुम्ही आणखी चार शब्द जोडता, उरलेलं हातवाऱ्यांनी सांगता. त्या पुन्हा हसतात, पुन्हा वाढतात. मी चुलीपाशी शरमेने लाल. तुम्ही परड्यात हात धुवायला आलात तेव्हा मी म्हटलं, ‘‘आबा, मराठीत बोला. हसं होतंय आपलं.’’ तुम्ही पंच्याला हात पुसलेत. ‘‘व्हय, ऱ्हायलं,’’ एवढंच म्हणालात. त्यानंतर तुम्ही मराठीतच बोललात, म्हणजे जवळजवळ काहीच बोलला नाहीत, आणि चारच्या गाडीने गेलात.

पंधरा दिवसांनी सासूबाईंनी विचारलं, तुझे वडील परत कधी येणार? तुझ्या माहेरचं माझ्याशी बोलणारं तेवढं एकच माणूस, त्यांना सांग मी वाट बघते म्हणून. त्या कानडीतच बोलल्या आणि मला सगळं कळलं. त्याच दिवशी मी ट्रंक उपसून वही काढली. दिवाळीपर्यंत मी बोलायला लागले, चुकत, मोठ्यांदा, अगदी तुमच्यासारखी. घरात माझ्यासाठी जागा झाली. तुम्ही मात्र पुन्हा घरी आला नाहीत. निपाणीच्या स्टँडवर यायचात, लोणच्याची बरणी जावयाच्या हातात द्यायचात आणि तिथूनच परतीची गाडी धरायचात.

तुम्ही गेल्यावर आईने सांगितलं की एवढं फिरलात तरी कानडी मुलखात तुमचा धंदा कधीच नव्हता. लग्न ठरल्यापासून हुपरीत पैंजण न्यायला येणाऱ्या कानडी गिऱ्हाइकांना तुम्ही चहा पाजून बसवून घ्यायचात आणि एकेक शब्द विचारून वहीत लिहायचात. पन्नाशी उलटल्यावर, माझ्यासाठी. हे ऐकल्यावर मी खूप रडले, आबा.

आणि एक सांगायचं राहिलंय. सासूबाईंनी तो निरोप माझ्याजवळ तीनदा दिला होता. मी तो तुम्हाला एकदाही सांगितला नाही. सांगायचा तर आधी माझं चुकलं असं म्हणावं लागलं असतं.