झिनियाच्या वाफ्यात प्लास्टिक

ती. ताईस धाकटीचा नमस्कार,

मी मजेत आहे, गुडघाही बरा आहे. फक्त आज किळस आली आणि घास उतरला नाही.

पावसाळा सरत आला तरी मी लावलेली झिनिया लालभडक फुलत होती. रविवारी लेकाने ती मुळासकट उपटली. म्हणाला, "आई, थंडी पडली की वाळणारच ना, मग आत्ताच काढलेली बरी." भरल्या फुलांची रोपं काळ्या पिशवीत कोंबली. ती पिशवी आतून घामेजून आता दारात कुजका वास मारतेय.

सकाळी वाफ्यात नवी फुलं दिसली. मला वाटलं, नर्सरीतून आणली असतील, म्हणून पाणी घातलं. सून हसत म्हणाली, "प्लास्टिकची आहेत, आई. नुसती फडक्याने पुसायची." शी, मेल्याहून मेलेली ती फुलं.

बाकी दोघं मला जपतात, काळजी करू नकोस. खोली हवेशीर आहे. काल सून टेप घेऊन माझ्या खोलीची मापं घेत होती. विचारलं तर म्हणाली, "सहजच."

तुझा खोकला थांबला का? आणि तुझी मागची खोली अजून रिकामी आहे का?

तुझी,
धाकटी