दोन चुली, एक चलन

५ जानेवारी, पहाटे ५
संकल्प : रोज पाचला उठणे. दक्षिण आशियाच्या चलनसंघावरचा निबंध पुरा करणे. ८ फेब्रुवारीला साताऱ्याच्या परिसंवादात वाचायचा आहे. शेजारी सरकारांनी आधी व्यापाराचा करार करावा, मग जकात काढावी, मग एकच चलन आणावं. इतकं सोपं आहे. त्यांना सांगणारा कुणी भेटला नाही एवढंच. कॉलेजात तीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं ते काय उगाच?

६ जानेवारी, सकाळी ९
थंडी फार. उद्यापासून पाच.
निबंधाला प्रयोगाची जोड हवी. प्रयोगशाळा घरातच सापडली. खाली मी आणि बायको चंदनबाला, वर धाकटा भाऊ पायगोंडा आणि त्याची बायको प्रीती. सहा वर्षांपूर्वी चुली वेगळ्या झाल्या. तेव्हापासून जिन्यावरून वाट्यांची ये-जा चालू आहे. साखर, विरजण, चटणी. दर नाही, नोंद नाही. वाटी रिकामी परत करायची नाही म्हणून प्रत्येक वाटीतून परत काहीतरी येतं. शुद्ध तस्करी.

९ जानेवारी
करारावर सह्या. चौदा कलमं. पायगोंडाने न वाचता सही केली. विश्वास! प्रीतीने विचारलं, अण्णा, कुणाचं भांडण झालंय का?
चंदनबाला म्हणाली, "आवं, सा वर्सांत या जिन्यावर वाकडा शब्द न्हाई झाला. वाट्या थांबल्या तर घर तुटंल."
तिला मॅक्रो दृष्टी नाही.

११ जानेवारी
सामायिक चलन ठरलं : हळकुंड. छापावं लागत नाही, बनावट निघत नाही. दोन्ही देशांना वीस-वीस. साखरेची वाटी दोन हळकुंडांना. वाटी रिकामीच परत करावी (कलम ९). युरोपला चाळीसेक वर्षं लागली, मला आठवडाही नाही.

१४ जानेवारी, संक्रांत
तिळगुळाचं कलम राहून गेलं होतं. प्रीती वाटी घेऊन खाली आली तेव्हा दारातच तातडीने दर जाहीर केला. ती तिळगूळ परत घेऊन गेली. व्यापारात असं चालतं.

१७ जानेवारी
आयातीला दोघा भावांची सही लागते (कलम ४). ज्वारीचं पीठ वरून यायचं होतं. पायगोंडा मार्केट यार्डातून सातला आला. तोवर सूर्य मावळला. आम्ही जैन, मावळल्यावर जेवत नाही. आम्हाला सोडून वरचेही जेवले नाहीत, दोन्ही देश उपाशी झोपले. सुरुवातीला थोडा त्रास होणारच.

२२ जानेवारी
वरून चलन आलं. पोत्याने. हमालाच्या पाठीवर.
पायगोंडाची हळदीची अडत आहे हे मला कलमं लिहितानाही माहीत होतं. त्याचा चलनाशी संबंध येईल असं कुठल्याच पुस्तकात नव्हतं. पायगोंडा गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "अण्णा, कमी पडलं तर आनखी चारशे पोती हाईत."

२४ जानेवारी
भीषण महागाई. साखरेची वाटी सहाशे हळकुंडांवर. आमची गंगाजळी मोजायला डबा उघडला. रिकामा. चंदनबालाने पोत्यासकट सगळं गिरणीत देऊन वर्षाची हळद करून आणली. काल मी राष्ट्राची गंगाजळी वरणातून खाल्ली.

३० जानेवारी
जिना शांत. भांडण नाही, वाटीही नाही. पायगोंडा गावाच्या दुसऱ्या टोकाला, विश्रामबागेत फ्लॅट बघतोय म्हणे. चंदनबाला दुपारभर रडली. मलाही वाईट वाटलं. करारातून बाहेर पडायचं कलमच नव्हतं, त्यामुळे हे बेकायदा आहे.

८ फेब्रुवारी, संध्याकाळी ६
परिसंवाद यशस्वी. श्रोते सात, त्यांतले दोन चहावाले. अध्यक्षांनी विचारलं, घरातला प्रयोग कुठवर आला? एकात्मीकरण पूर्ण, म्हणून सांगितलं.
घरी आलो तर खालचं स्वयंपाकघर बंद. वर हसणं चाललंय. जिन्यातून डोकावलो. दोघी जावा एकाच ओट्याशी. फ्लॅट रद्द झालाय, हेही ऐकू आलं. पायगोंडा जेवायला बसलाय. माझ्या करारावर गरम भाकऱ्या काढून ठेवल्यात. कलम ९ वर तेल सांडलंय.
मला कुणी हाक मारली नाही. खाली येऊन बसलो.

६.२०
प्रीती झाकलेली वाटी ठेवून गेली. बरं वाटलं. शेवटी माझीच माणसं. झाकण काढलं.
दोन हळकुंडं.
सूर्य मावळायला दहा-पंधरा मिनिटं आहेत. भूक लागलीय. वर जावं म्हणतो. कुणाची सही लागते, ते कलमांत शोधतोय.