डाव्या हाताच्या शिवणशाळेची वाटणी

मी, शिवणशाळेची दुसरी मुख्याध्यापिका, जिला दोन पिढ्या तोंडावर 'मोठ्या बाई' म्हणतात (पाठीमागे काय म्हणतात तेही मला ऐकू येतं), हे मृत्युपत्र कुणाच्याही दडपणाविना, राजीखुशीने लिहून ठेवते आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. गुडघ्यांबद्दल ते काही बोलले नाहीत. याआधी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात शाळा लेकीला दिली होती.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक मुलगा व मुलगी यांना समसमान. मुलगा मोठ्या मनाने "मला काही नको" म्हणेल. त्याचं ऐकू नये, घ्यायला लावावं. नाहीतर ते मोठं मन आपल्याला जन्मभर ऐकून घ्यावं लागेल.

२. धाकट्या दिरांना उरलेल्या चिंध्यांची मोठी पिशवी. माझ्या लग्नाच्या दिवशी ते चारचौघांत म्हणाले होते, "वहिनी, आता तुम्हीही आमच्या चिंध्यांच्या शाळेत का?" मी विसरलेले नाही. पिशवी धुऊन, इस्त्री करून ठेवली आहे.

३. शाळा. इथे जरा सविस्तर लिहावं लागेल, वकीलसाहेबांनी जांभया देऊ नयेत.

शाळा माझ्या सासूबाईंनी काढली. आमच्याकडे कापड डाव्या हातानेच कापतात. उजव्या हाताने लिहिणारी, जेवणारी मुलगीसुद्धा आमच्या वर्गात आली की कात्री डाव्या हातात घेते. कात्र्याही त्या हाताच्या, खास बनवून घेतलेल्या. पहिल्या वर्षी बोटं सोलवटतात, मग सवय होते. याला 'शाळेचा हात' म्हणतात. माझी लेक तो शिकवण्यात माझ्याहून कडक. कुणाची कात्री चुकून उजवीकडे गेली की हिची पट्टी टेबलावर आपटलीच. हल्ली मुली येतात, आधीच्या मुलींची बोटं बघतात आणि पुढच्या गल्लीतल्या वर्गात नाव घालतात. असंच चाललं तर शाळेला कुलूप लागेल, हे आम्हा तिघींनाही दिसतं. तिसरी म्हणजे सून.

सून संस्था चालवण्याच्या कुठल्याशा शिबिराला गेली आणि येताना एक शब्द घेऊन आली. अज्जोर्नामेंतो. मूळ इटालियन, इंग्रजांनी उसना घेतलेला. उसनं घेतलेलं परत करायची त्यांना फारशी सवय नाही, म्हणून तो तिकडेच राहिला.

"म्हणजे काय गं?" मी विचारलं.

"जुनी संस्था मोडायची नाही, आई. तिला आजच्या दिवसात आणून बसवायची."

"वहिनी, एवढ्या लांब शब्दात एक बाही निघाली असती," लेक म्हणाली. मी हसले. सून हसली नाही. तिने विचारलं,

"आई, आपण डाव्या हाताने का कापतो?"

मी पाठ केलेलं सांगितलं. उजवा हात उतावळा, डावा विचारी. कापड ताणलं जात नाही. शास्त्र आहे त्यात.

"आणि आजी लिहायच्या कुठल्या हाताने?"

"डाव्या," म्हटलं आणि माझं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. सासूबाई डावखुऱ्या होत्या हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्या लिहायच्या, वाढायच्या, माझे कान उपटायच्या, सगळं डाव्याच हाताने. पण या दोन गोष्टी एकमेकींना जोडून बघायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं.

"आजीची शिस्त आहे ती!" असं म्हणून लेक तोंड फुगवून बसली. तेव्हापासून नणंद-भावजयीत अबोला आहे, आणि दोघींचे निरोप मी पोचवते.

गेल्या महिन्यात मी मागच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि सुनेने आणलेली साधी कात्री उजव्या हातात धरली. या वयात. अस्तराचं कापड पसरलं, खडूने रेघ मारली. कात्री सरसर गेली, एकदाही ढळली नाही. मी खुर्चीत बसून रडले. सासूबाई मला "संथ आहे, पण नीटनेटकी आहे" म्हणायच्या. पुढे सगळेच म्हणू लागले, मीही तेच धरून चालले. मी संथ नव्हतेच.

म्हणून शाळा, यंत्रं आणि दारावरची पाटी सुनेला. तिने खुशाल अज्जोर्नामेंतो करावं. माझा फोटो मात्र वर्गात लावू नये, नाहीतर पुढच्या मुली माझ्यासारखं पोक काढून शिवायला शिकतील. लेकीला शिकवायचं असेल तोवर तिचा वर्ग तिच्याकडेच राहील. ही अट आहे, विनंती नव्हे.

४. बाळ, हे कलम तुझं. तू चिडशील. आजीशी बेइमानी केली म्हणशील. तुला वाईट वाटावं असं मला कधीच वाटलं नाही, आणि आता ते वाटणार आहे हे माहीत असूनही मी सही करते आहे. सासूबाईंची मोठी कात्री तुझी. ती साधी कात्रीही तुझीच. मागच्या खोलीतल्या टेबलावर मी कापड पसरून, रेघ मारून ठेवलं आहे. कुणी नसताना जा. तुलाही सगळे संथ म्हणतात, बाळ.

सही: मोठ्या बाई
साक्षीदार: तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर, शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरीणबाई (सूनबाईंना साक्षीदार होता येत नाही, तरी त्या दाराआडून ऐकत आहेत)
ठिकाण: शिवणशाळा, मधला वर्ग
तारीख: आजची, वकीलसाहेबांनी शिक्क्यासह घातलेली