तिसऱ्या अध्यायाला मास्तरांची गोळी

ती. आत्यास,

रागावलेल्या माणसाला नमस्कार पोचतो की नाही ठाऊक नाही, तरी पाठवतो आहे. ताईच्या दारात अडला तर त्याला आत घ्यायला सांग. तुझा गुडघा, तुझी झोप आणि लेकीच्या घरचा तो पाणचट चहा, तिन्ही बरे असावेत. इकडे सर्व क्षेम. घरात इतकी शांतता आहे की सांगता सोय नाही. तेव्हा तू सावकाश ये, महिना दोन महिने राहा, आमची काळजी करू नकोस. हे पत्र केवळ खुशाली कळवण्यासाठी आहे.

आता त्या सकाळविषयी (विषय निघालाच आहे म्हणून). "तू धार्मिक आहेस आणि मी आध्यात्मिक," असं मी म्हणालो ते काही वाईट हेतूनं नव्हे. चार दिवसांच्या शिबिरात आम्हाला हाच फरक समजावून दिला होता. धार्मिक माणूस बाहेर शोधतो, आध्यात्मिक माणूस आत. तुझं पोथीवाचन पहाटे साडेपाचला, खणखणीत आवाजात, म्हणजे बाहेरचं. माझं ध्यान आतलं. तेव्हा तू मनातल्या मनात वाचावंस, एवढीच माझी नम्र सूचना. त्यावर तू विचारलंस, "आतलं आहे ना, मग माझा आवाज तिथवर येतो कसा?" याचं उत्तर शिबिरात सांगितलेलं नव्हतं. मग तू बॅग भरलीस, पोथी माझ्या ध्यानाच्या गादीवर ठेवलीस (त्या गादीला कुणी हात लावायचा नाही हे माहीत असून) आणि ताईकडे निघून गेलीस. जिना उतरताना तू तुझ्या सुनेला (म्हणजे माझ्या बायकोला) जे म्हणालीस तेही मला ऐकू आलं. "देवाचं एवढं सोवळं मी जन्मात पाळलं नाही, जेवढं हा त्या गादीचं पाळतो."

हा आरोप मला मान्य नाही. भिंतीवरच्या घड्याळातला सेल मी काढला, कारण टिकटिक. कुकरच्या शिट्ट्या सातनंतर, हेही मीच ठरवलं. गादी खिडकीसमोर, बरोबर तीन हातांवर. तुझ्या सुनेनं केर काढताना ती वीतभर सरकवली त्या दिवशी मी बोललो, जरा जास्तच बोललो. पण हे नियम नव्हेत, या सोयी आहेत. (हे वाक्य तिनं माझ्या खांद्यावरून वाचलं आणि ती स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ हसत होती.)

तू गेल्यावर पहिल्याच पहाटे मी गादीवर बसलो. ना पोथी, ना खोकला, ना टिकटिक. मन असं काही स्थिरावलं की डोळे उघडले तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. तुझ्या सुनेच्या मते माझा आध्यात्मिक अनुभव खालच्या मजल्यापर्यंत ऐकू येत होता. चष्म्याचं दुकान उघडायला गेलो तर दोन गिऱ्हाइकं कंटाळून परत गेलेली. आणि संध्याकाळी घरी आलो तर दारात शिष्टमंडळ. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई, समोरचे बसड्रायव्हर आणि खालचे निवृत्त मास्तर. मला वाटलं तुझी चौकशी करायला आले असतील. तर तिघेही माझ्यावर खवळलेले.

आपल्या इमारतीच्या भिंती नावालाच भिंती आहेत हे मला ठाऊक होतं. पण अख्खी इमारत तुझ्या पोथीवर चालते हे ठाऊक नव्हतं. पहिला अध्याय संपला की ड्रायव्हर घराबाहेर पडतात. दुसरा सुरू झाला की नर्सबाई चहा टाकतात आणि तो संपला की ड्यूटीवर निघतात. तिसऱ्या अध्यायाला मास्तरांची रक्तदाबाची गोळी. त्या दिवशी पहिली बस पाऊण तास उशिरा सुटली, नर्सबाईंनी साहेबांची बोलणी खाल्ली, आणि मास्तरांनी गोळी घेतली की नाही या संशयात ती दोनदा घेतली व दिवसभर पलंग धरून बसले. मी म्हटलं, गजर लावा की. ड्रायव्हर म्हणाले, "गजर बंद करून परत झोपता येतं हो. आत्या बंद होत नाहीत." मग मास्तरांनी निकाल दिला की आता पोथी मी वाचायची. मी त्यातला नाही, असं सांगून पाहिलं. तर म्हणाले, "तुम्ही आत असता ना? मग बाहेर तोंड काय वाचतंय याच्याशी तुम्हाला काय करायचंय?" चाळीस वर्षं वर्गावर काढलेल्या माणसाशी वाद घालू नये हे मी तेव्हा शिकलो.

तर गेले अठरा दिवस मी वाचतो आहे. पहिल्या दिवशी तिन्ही अध्याय अकरा मिनिटांत उरकले. ड्रायव्हर डेपोच्या बंद फाटकाशी, हनुवटीवर टूथपेस्टचा फेस घेऊन उभे. दुसऱ्या दिवशी रेटून सावकाश वाचलं, तरी नर्सबाईंचा चहा उकळायच्या आत अध्याय खलास. त्या म्हणाल्या, "आत्या प्रत्येक अध्यायानंतर थांबायच्या." मला इतकी वर्षं वाटत होतं की तिथे तुला खोकल्याची उबळ येते. म्हणून पोथी नीट पाहिली तर अध्यायाच्या शेवटी, समासात, पेन्सिलीचं काहीतरी बारीक बारीक. लोकांच्या डोळ्यांवर पोट भरणारा मी, पण मला ते लागेना. शेवटी दुकानातलं भिंग आणलं. पहिल्या अध्यायाखाली लिहिलं आहे, 'ड्रायव्हरच्या मुलीची परीक्षा.' दुसऱ्याखाली, 'नर्सबाईंची कंबर.' तिसऱ्याखाली, 'मास्तर. एकटे आहेत.' आणि शेवटच्या पानावर, 'ढब्या. डोकं शांत होऊ दे.' पुढे तारीख आहे, सात वर्षांपूर्वीची, आणि अक्षरांवर पुन्हा पुन्हा पेन्सिल फिरवलेली आहे.

शिबिर गेल्या वर्षी झालं. मग माझ्या शांतीचं श्रेय नक्की कुणाचं, असं मी परवा तिथल्या सरांना फोनवर विचारलं. ते म्हणाले, श्वासाकडे लक्ष द्या. मला मात्र फार वाईट वाटलं, आत्या. अगदी आतून वाटलं, म्हणजे ते आध्यात्मिकच धरायला हरकत नाही.

बाकी ठीक. ताईला माझी आठवण सांग आणि चहात पत्ती वाढवायला सांग.

तुझा भाचा,
ढब्या (वय वर्षे अठ्ठेचाळीस)

ता. क. सावकाश ये, असं वर लिहिलं आहे ते खोडायचं राहिलं.

आणखी ता. क. शनिवारी सकाळी मी तुला न्यायला येतो आहे. घड्याळात सेल घातला आहे. गादी तू गुडघ्याखाली घे. तशीही ती माझ्या पाठीला लागते. पोथी विसरलीस की मुद्दाम ठेवलीस, हे मी विचारणार नाही.

शेवटचा ता. क. भिंग घेऊन सगळी पानं दोनदा पाहिली. तुझं नाव कुठेच नाही. म्हणून शेवटच्या पानावर, माझ्या नावाखाली, मी लिहून ठेवलं आहे, 'आत्या. घरी येऊ दे.' रोज तिथे थांबतो. पण म्हणून मी धार्मिक झालो असा अर्थ काढू नकोस. पेन्सिलीनंच लिहिलं आहे, तू आलीस की खोडून टाकता येईल.