शिंगांच्या रंगातल्या सहा प्लेटा

मंचेरियल,
दसऱ्यानंतरचा रविवार

प्रिय बाबा,

तुम्हाला जाऊन तीन वर्षं झाली आणि मी आज पहिल्यांदा तुम्हाला पत्र लिहायला बसले आहे. कारण तुमचीच एक प्लेट आहे. माझ्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली, आणि ती प्लेट मी काल पहिल्यांदा पालथी करून पाहिली.

पण आधी बातम्या सांगते. दसऱ्याला आपल्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. वांकिडी आसिफाबादकडे गेली, आमचं मंचेरियल स्वतःच जिल्हा झालं. म्हणजे मी घरातून पाऊलही न उचलता माझं माहेर परजिल्ह्यात गेलं. दादा फोनवर म्हणतो, "आता भाऊबीजेले जिल्हा वलांडून ये जो."

दुसरी बातमी, दादाच्या चिमीचं लग्न ठरलं. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त आहे. तिला द्यायच्या सहा प्लेटा मी रंगवते आहे.

हो, मी. हसू नका. दोन वर्षांपासून हा नाद लागलाय. चिनीमातीच्या कोऱ्या पांढऱ्या प्लेटा आणते, त्यांच्यासाठीचे खास रंग हैदराबादहून मागवते. रंगवायचा फक्त काठ, मधली जागा जेवणासाठी कोरी. एक दिवस वाळवायची, मग थंड ओव्हनमध्ये ठेवून ओव्हन हळूहळू तापवायचा आणि प्लेट आतच निवू द्यायची. घाई केली की तडकते. शिकताना चार तडकवल्या, आता एकही तडकत नाही. मला हे काम येतं बाबा, आणि चांगलं येतं.

तुमच्याकडे कुठला ओव्हन? पोळा झाला की बैलांची शिंगं रंगवायचा ऑइलपेंट आपल्या किराणा दुकानात डब्यांच्या तळाशी उरायचा. गिऱ्हाईक नसलं की तुम्ही तेलाच्या पिंपावर फळी टाकून प्लेटा रंगवत बसायचे. आई म्हणायची, "लोकं मीठ मागून राह्यले अन् हे फुलं काढून राह्यले." तुम्ही मान वर न करता म्हणायचे, "मीठ कुठं पळून जाते?"

माझ्या लग्नात सगळ्यांनी स्टीलच्या भांड्यांवर नावं कोरून दिली. तुम्ही सहा प्लेटा दिल्या. लाल जमिनीवर कापसाची पांढरी बोंडं, कडेनं ज्वारीची कणसं. नाव मागं लिहिलंय, चित्र बिघडू नये म्हणून, एवढं तुम्ही सांगितलं होतं. पण माहेरच्या आहेराची ताटं सासरच्या माणसांसमोर पालथी घालून कोण पाहतं? अपशकुनही होतो आणि माहेरचं जोखल्यासारखंही दिसतं. कोणी पाहिली नाहीत. मीही नाही.

मग तुम्ही पहिल्यांदा माझ्या घरी जेवायला आलात. तुमचा मान म्हणून सासूबाईंनी मुद्दाम त्याच प्लेटा काढल्या. वाफाळता भात, वर उकळतं वरण, वर तुपाची धार. दुसऱ्या घासाला भात लाल झाला. सासूबाई म्हणाल्या, "इवाई, तुमचा कापूस आमच्या भातात उतरला वो." सगळी पंगत हसली. तुम्हीही हसलात. माझं मात्र तोंड उतरलं.

स्टेशनवर तुम्हाला सोडायला आले तेव्हा मी काय बोलले, आठवतं? मला शब्द न शब्द आठवतो. "जमत नाही तर काऊन करता बाबा? माझं हसं झालं तिथं." तुम्ही पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणालात, "चुकलं माय माझं." गाडी आली, तुम्ही बसलात. त्यानंतर तुम्ही ब्रश हातात धरला नाही. आईनं मला दोनदा सांगितलं, मी ऐकून सोडून दिलं. माफी तर मागितलीच नाही.

सासूबाईंनी त्या प्लेटा घासल्या. त्यांना अक्षरओळख नाही. मी रागारागात जुन्या साडीत गुंडाळून ट्रंकेत टाकल्या.

काल त्या बाहेर काढल्या त्या जिल्ह्यापायी. चिमीच्या प्लेटांवर मागं गावाचं नाव घालायचं, पण जिल्हा कोणता घालू? जुना की नवा? तुम्ही कसं लिहिलं होतं ते पाहावं म्हणून एक उलटली. पुढची बोंडं पुसट झालीत, मागची अक्षरं कालच लिहिल्यासारखी:

'चि. सौ. कां. सुमनला, बाबाकडून. मु. वांकिडी, जि. आदिलाबाद.' आणि त्याखाली, 'गरम वाढू नये. फळं ठेवावी.'

मी सहाही उलटल्या. सहांवर तेच.

तुम्हाला माहीत होतं, बाबा. मग त्या दिवशी पंगतीत का नाही बोललात? निदान स्टेशनवर तरी? एवढंच म्हणायचं होतं, 'प्लेट उलटून पाह्य.' मी तिथल्या तिथं गप्प झाले असते.

दादाला फोन केला. तो म्हणाला, "बाबानं एक प्लेट उकळत्या पाण्यात बुडवून पाह्यली होती, म्हणून तर लिवलं. तुह्या घरून आल्यावर मी म्हटलं सांगून टाका. तर म्हणे, सांगतलं का चूक इहिणबाईची निघते. पोरगी नवी हाये, तिले तिथं राहाचं हाये. माझं काय, मी गाडीत बसून येतो."

मी ओट्याशी उभ्या उभ्या रडले. सव्वीस वर्षं मी चुकीच्या माणसावर रागावले होते, आणि त्या माणसानं ते होऊ दिलं.

सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या आता ऐंशीच्या पुढं आहेत. ऐकून म्हणाल्या, "तुह्या बापानं माही लाज राखली वं." उठल्या, टोपलीतली दोन पिकली सीताफळं तुमच्या प्लेटीत ठेवली आणि प्लेट देवासमोर नेऊन ठेवली.

दुपारी मी त्यांना माझ्या नव्या प्लेटीत जेवायला वाढलं. वाफाळता भात, उकळतं वरण, तुपाची धार. त्या भात कालवून कालवून पाहत होत्या. "नाही उतरला," म्हणाल्या. रंग टिकला, बाबा. काठावर तुमचीच बोंडं आहेत, तुमच्याच लाल जमिनीवर.

चिमीच्या प्लेटांवर मागं नवा जिल्हा घालते आहे. तुमच्या आईच्या घागरीवर 'हैद्राबाद स्टेट' कोरलेलं होतं, ते राज्य गेलं तरी तुम्ही जन्मभर त्याच घागरीतलं पाणी प्यायलात, तेव्हा तुमची हरकत नसणार.

एक शब्द देते. तुमच्या सहा प्लेटा आता ट्रंकेत जाणार नाहीत, आणि त्यांत फळांशिवाय काही पडणार नाही. माझ्या हातून ब्रश सुटणार नाही. आणि चिमीच्या प्लेटांवर वाढण्याची सूचना मागं नाही, पुढं काठावर लिहिते आहे, तिच्या सासरी पहिल्याच पंगतीला सगळ्यांना दिसेल अशी: 'गरम वाढा.'

चुकलं बाबा माझं.

तुमची,
सुमन